इरिडियम पृथ्वीवर नसतेच का?

इरिडियम हा प्लॅटिनमच्या गटातील दुर्मिळ धातू. ‘इरिडियम पृथ्वीवर नसतेच, म्हणून ज्या थरात ते सापडते तेथे उल्काच पडली असणार’ हे वर्षानुवर्षे फिरणारे विधान अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच ते चिवट आहे. पृथ्वी वितळलेली असताना बहुतांश इरिडियम लोहाबरोबर गाभ्यात उतरले, त्यामुळे कवचात ते एक अब्ज भागांत एक भागाहूनही कमी उरले. अनेक दगडी उल्कांमध्ये मात्र हेच प्रमाण काहीशे भाग असते. भौतिकशास्त्रज्ञ लुईस व भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये इटलीतील गुब्बिओ येथे, डायनासोर नामशेष झाले त्या काळच्या मातीच्या थरात नेहमीच्या सुमारे ३० पट इरिडियम नोंदवले. महत्त्व या वाढीला होते, निव्वळ अस्तित्वाला नव्हे. हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या वायूंबरोबरही इरिडियम बाहेर पडते, त्यामुळे क्रोमियमच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) गुणोत्तर आणि आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्झचे कण यांची साक्षही तपासावी लागते.