कुचेला: त्रिनिदादच्या कैरीच्या लोणच्यामागचा इतिहास

त्रिनिदादमध्ये ‘डबल्स’ खाताना, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांवर वाढलेले छोले खाताना, वर चमचाभर कुचेला हवा असतो. कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं झणझणीत लोणचं. आपल्या तक्कूच्या जवळचं, पण जास्त काळपट आणि बरंच कोरडं.

हे लोणचं तिथे पोचलं ते ऊसमळ्यांमुळे. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. १८३८ मध्ये गयानात आणि ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून त्रिनिदादमध्ये करारबद्ध भारतीय मजूर उतरले. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादला १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं नेली गेली. बहुतेक जण आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले भोजपुरी बोलणारे, कलकत्त्याहून निघालेले. (मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर प्रामुख्याने मॉरिशसला पोचले, म्हणून या लोणच्यात आपला हिंग-गूळ शोधू नये.)

आंबा मात्र त्यांच्या आधीच कॅरिबियनमध्ये रुजला होता. १७८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरातून येणारं एक फ्रेंच जहाज पकडलं. त्यावरची आंब्याची रोपं जमैकात लावली गेली. रोपांना नुसते क्रमांक होते, आणि ‘नंबर इलेव्हन’ ही आंब्याची जात तिथे आजही त्याच नावाने ओळखली जाते.

पण झाड असलं म्हणून लोणचं होत नाही. त्याला अंगण लागतं, बरणी लागते, सवड लागते. मळ्यावरच्या बराकींत यातलं काय मिळणार? करार ५ वर्षांचा, आणि परतीच्या प्रवासाचा हक्क १० वर्षांनी. १८६९ पासून त्रिनिदाद सरकारने परतीच्या भाड्याऐवजी जमीन द्यायला सुरुवात केली, आणि भारतीयांची गावं वसू लागली. माझ्या मते घरच्या लोणच्याला खरा आधार इथे मिळाला: स्वतःचं दार आणि दारातला आंबा.

तिथे जानेवारी ते मे कोरडा हंगाम असतो. पावसाआधीच्या कडक उन्हात कैऱ्या सोलून किसतात, मीठ लावतात आणि कापडात घालून घट्ट पिळतात. मग कीस ताटांत पसरून वाळवतात. पाणी निघून गेल्यामुळेच लोणचं टिकतं. किसाच्या काड्या वळून तपकिरी झाल्या की त्यांत वाटलेला लसूण, मिरची आणि ‘अमचार मसाला’ कालवतात. धणे, जिरे, मेथी, मोहरी आणि बडीशेप कोरडी, चांगली गडद होईपर्यंत भाजून हा मसाला दळतात. मेथीचा किंचित कडवटपणा त्यात हवाच. शेवटी मोहरीचं तेल.

हा सगळा क्रम बिहारकडच्या घरांत ओळखीचा वाटेल. वेगळी आहे ती मिरची. मिरचीचं मूळ अमेरिका खंडातलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली आणि भारतभर पसरली. भोजपुरी बायका जहाजातून उतरल्या तेव्हा त्यांना तिच्या माहेरची वेगळीच जात भेटली. गोलसर, सुरकुतलेली, अतिजहाल आणि तरीही फळासारखा वास असलेली ही मिरची त्रिनिदादमध्ये ‘काँगो पेपर’ म्हणून ओळखली जाते. गयानात तिची जागा बोराएवढी ‘विरी-विरी’ घेते. हा वास भारतातल्या कैरीच्या लोणच्याला सहसा नसतो, म्हणून कुचेल्याला भारतीय लोणच्याची नक्कल म्हणणं मला पटत नाही.

पुढे हीच कुटुंबं न्यूयॉर्क आणि टोरांटोला गेली. तिथे उन्हाचा भरवसा नाही, म्हणून पिळलेला कीस ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर सुकवतात.