ठिपके म्हणजे थांबा, पट्टे म्हणजे चला

रेल्वेच्या फलाटावर किंवा नव्या फूटपाथवर पिवळ्या, उठावाच्या फरश्या दिसतात. पुष्कळांना ती नक्षी वाटते. त्या वाचायच्या असतात, तळपायाने आणि पांढऱ्या काठीच्या टोकाने. लांब पट्टे सांगतात, सरळ चला. गोल ठिपके सांगतात, थांबा, पुढे जिना, रस्ता किंवा रूळ आहेत. उठाव जेमतेम ५ मिलिमीटरचा. कमी ठेवला तर चपलेतून कळत नाही, जास्त ठेवला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळतो आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं हिसके खातात. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी.

जपानमध्ये सेइइची मियाके यांनी ही फरशी १९६५ मध्ये तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. पुढे ती देशोदेशी गेली, पण ठिपक्यांचा आकार आणि अंतर जो तो आपल्या सोयीने ठरवत होता. २०१२ मध्ये या फरश्यांसाठी आयएसओ २३५९९ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं.

देशादेशांतलं तांत्रिक सहकार्य म्हटलं की करार, कर्ज, यंत्रसामग्री डोळ्यांसमोर येते. दिल्ली मेट्रोला जपानचं कर्ज मिळालं, तेही सहकार्यच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती मोजमापांची देवाणघेवाण. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मंजूर केला. त्यातलं ९ वं कलम सुगम्यतेचं, म्हणजे सगळीकडे विनाअडथळा पोहोचता येण्याचं, आणि ३२ वं आंतरराष्ट्रीय सहकार्याचं आहे. पुढे २०१६ मध्ये आपला दिव्यांग हक्क कायदा आला.

मात्र मानक कागदावर राहतं आणि फरशी गवंडी बसवतो. पट्टे चालण्याच्या दिशेने हवेत. फरशी एक वळण फिरली की ते आडवे होतात आणि सगळी वाट निरर्थक होते. कुठे ही वाट थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते. यात गवंड्याचा दोष नाही, त्या पट्ट्यांचा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

रॅम्पचंही तेच. आपल्याकडे १:१२ चा उतार धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरची पायरी चढायला १८० सेंटिमीटर लांबी. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले तर या उतारावर सुमारे साडेसात किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागतो. जागा नाही म्हणून रॅम्प १:६ चा केला की तोच जोर जवळजवळ पंधरा किलोंवर जातो. एवढा जोर हातांनी चाकं फिरवणाऱ्याला झेपत नाही. मग मागून ढकलायला कुणीतरी लागतंच.

नाशिक जिल्ह्याचा विचार केला तर प्रश्न आणखी लांबतो. सुरगाण्याहून नाशिकच्या सिव्हिलमध्ये तपासणीला येणाऱ्याला एसटीच्या उंच पायऱ्या, स्टँड, रस्ता, दवाखान्याचं दार हे सगळं एकाच दिवसात पार करायचं असतं. यातली एक जागा अडली तरी बाकीचा खर्च वाया. म्हणून सुगम्यता इमारतीगणिक मोजू नये, गावापासून दवाखान्यापर्यंतच्या प्रवासाची मोजावी.

नाशिकच्या गोदाघाटावर तर बाहेरचं मानक जसंच्या तसं चालणार नाही. पूर येतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढतं आणि ओसरताना गाळ सोडून जातं. ५ मिलिमीटरचा उठाव त्या गाळात सहज बुजतो. तिथे फरशी कोणती टिकते, पूर ओसरल्यावर ती किती लवकर धुवावी लागते, हे नाशिककरांनीच तपासून नोंदवायला हवं. पूर येणाऱ्या इतर नदीकाठच्या शहरांनाही ते उपयोगी पडेल. सहकार्यात आपण नुसते घेणारे का असावं?

२०२७ च्या कुंभस्नानांसाठी घाट आणि रस्ते तयार होत असतानाच हे तपासून घेता येईल. रॅम्प पाहायला महागडं उपकरण लागत नाही. गवंड्याची ६० सेंटिमीटरची लेव्हलपट्टी उतारावर ठेवा, वरचं टोक टेकवून खालचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि खालची फट मोजा. ती ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर सिमेंट ओलं असतानाच काम थांबवायला सांगा.