पत्रिकेतला फोटो हलतो तो मोबाइलमध्ये, कागदात नाही

लग्नपत्रिकेवर मोबाइल धरला की नवरा-नवरीचा छापील फोटो हलू लागतो, आणि पाहणाऱ्यांतलं कुणीतरी म्हणतंच, "कागदात चिप असेल." कागदात काही नसतं. साधं आर्ट कार्ड आणि रोजची ऑफसेटची शाई. सगळं काम मोबाइलमध्ये, तेही दर सेकंदाला 30 वेळा होतं. म्हणजे एका फ्रेमला, कॅमेऱ्याने टिपलेल्या एका चित्राला, जेमतेम 33 मिलिसेकंद मिळतात.

मोबाइलच्या ॲपकडे त्या चित्राची मूळ प्रत आधीच असते. कॅमेऱ्याची फ्रेम आली की प्रथम तिचे रंग काढून ती करडी करतात. त्यामुळे छपाईत लाल रंग थोडा गडद उतरला तरी फारसं बिघडत नाही. मग कोपरे शोधायचे. एका पिक्सेलभोवती 16 पिक्सेलांचं वर्तुळ घ्यायचं. त्यातले सलग 9 पिक्सेल मधल्यापेक्षा ठळक उजळ किंवा ठळक गडद असतील तर तो कोपरा. नंतर त्या कोपऱ्याच्या आसपासच्या पिक्सेलांच्या 256 ठरलेल्या जोड्या घेऊन प्रत्येक जोडीत उजळ कोण ते पाहायचं. उत्तर 0 किंवा 1. या 256 बिटांवरून कोपरा ओळखता येतो. 2011 साली मांडलेली 'ऑर्ब' पद्धत अशीच चालते. फ्रेममधले कोपरे मूळ प्रतीतल्या कोपऱ्यांशी जुळवले की जुळलेल्या कोपऱ्यांच्या जोड्यांची यादी तयार होते.

खरी गंमत इथून पुढे आहे. सपाट कागद कसाही तिरका धरला तरी मूळ चित्रातला बिंदू फ्रेममध्ये कुठे पडेल, हे 3 बाय 3 चौकटीतल्या 9 आकड्यांवरून सांगता येतं. या चौकटीला होमोग्राफी म्हणतात. सगळे आकडे एकाच पटीत वाढवले तरी उत्तर तेच येतं, म्हणून अज्ञात उरतात 8. एका जोडीतून दोन समीकरणं मिळतात, तेव्हा 4 जोड्या पुरतात. अट एवढीच, की त्यांतले कुठलेही तीन बिंदू एका रेषेत नकोत. चौकटीतली तिसरी ओळ भाजक ठरवते. कागदाची आपल्यापासून दूरची कड आखूड दिसते ती या भागाकारामुळे.

पण यादीतल्या कितीतरी जोड्या चुकीच्या असतात आणि चारांत एक जरी चुकीची आली तरी चित्र भलतीकडे फेकलं जातं. यावर मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी 1981 मध्ये रॅन्सॅक ही युक्ती दिली. कुठल्याही 4 जोड्या उचला, होमोग्राफी काढा, बाकीच्या किती जोड्या तिच्याशी सहमत आहेत ते मोजा. असं पुन्हा पुन्हा करा आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारी ठेवा. निम्म्या जोड्या बरोबर असतील तर चारही बरोबर निघण्याची शक्यता 16 त 1, म्हणून 99 टक्के खात्रीसाठी सुमारे 72 प्रयत्न लागतात. बरोबर जोड्या 30 टक्क्यांवर आल्या की तोच आकडा साडेपाचशेच्या वर जातो. चित्राची निवड महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

पांढऱ्या कार्डावर एकच गुळगुळीत संत्रं छापलं तर कोपरे मिळत नाहीत. संत्र्यांचा ढीग किंवा पैठणीच्या काठासारखी नक्षी घेतली तर कोपरे भरपूर, पण सगळे सारखे, त्यामुळे जोड्या चुकतात. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाचा आणि घोड्यांचा, मागे झाडं असलेला फोटो त्यापेक्षा उत्तम. 15 सेंटीमीटरचं कार्ड 640 पिक्सेल रुंद फ्रेमचा निम्मा भाग व्यापत असेल तर एक पिक्सेल सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा होतो; त्याहून बारीक नक्षी कॅमेऱ्याच्या लेखी नसतेच.

जागा कळली की तिथे नवं, हलतं चित्र चढवायचं. नव्या चित्रातला पिक्सेल फ्रेममध्ये ढकलला तर मध्ये भोकं राहतात. म्हणून उलट करतात: फ्रेममधल्या प्रत्येक पिक्सेलसाठी नव्या चित्रातली जागा शोधतात. छापील फोटो किती उजळ असायला हवा ते ठाऊक असतं, कॅमेऱ्यात तो किती दिसतो तेही. या गुणोत्तराने नवं चित्र उजळ-मंद केलं की ते कागदावरचंच वाटतं. कडा दोन-तीन पिक्सेल विरघळवाव्यात आणि चित्र थोडं मोठं ठेवावं, नाहीतर हात हलला की खालचा फोटो डोकावतो.

कॅलेंडरवरच्या देवाने डोळे उघडले म्हणून कुणी मोबाइल दाखवू लागलं तर चित्रासमोर बोट आडवं धरून पाहा. साध्या ॲपमध्ये डोळे बोटावरच उघडतात. हा चमत्कार नाही, वर सांगितलेलं गणित आहे. याला 'होलोग्राम' म्हणून जादा पैसे मागणाऱ्यालाही हीच परीक्षा लावावी.

छपाईत सर्वांत जास्त घात करतं ते ग्लॉस लॅमिनेशन. हॉलच्या दिव्याची चकाकी पडली की त्या भागातले कोपरे गायब होतात. मॅट लॅमिनेशन घ्यावं. कार्ड वाकलं तर होमोग्राफीच लागू पडत नाही, म्हणून 300 जीएसएमचं (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचं) जाड कार्ड बरं. ॲपला दिलेली फाइल छापायला गेलेलीच असावी. शेवटच्या क्षणी फोटो बदलला तर ओळख पटत नाही. आणि मे महिन्यात नागपुरात पारा 45 ला टेकला की लॉनवर मोबाइल तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि 33 मिलिसेकंद पुरत नाहीत. तेव्हा कोपऱ्यांचा पूर्ण शोध दर दहाव्या फ्रेमलाच घ्यावा आणि मधल्या फ्रेममध्ये सापडलेले कोपरे किती सरकले एवढंच पाहावं.