मनोरा मुंबईत, संशोधक कलकत्त्यात

ठाण्यातल्या जुन्या शाळांमध्ये छताच्या पंख्यांवर देणगीदाराचे नाव रंगवलेले दिसते. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, ते सोडा. देणगी म्हणजे नाव घालता येईल अशी वस्तू, हे आपल्याकडे मुरलेले आहे. संशोधनाला देणगी मागणाऱ्या विद्यापीठाची अडचण इथूनच सुरू होते, कारण तिथे नाव घालायला बहुधा काहीच नसते.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. ठाणे जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो आणि बाळकुमला त्याचा उपपरिसरही आहे. सुरुवातीची काही दशके हे विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे होते. साहजिकच शेठ लोकांनी पैसे दिले ते इमारतींना. पदवीदान सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी १ लाख रुपये दिले. कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली २ लाख ग्रंथालयासाठी आणि २ लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे, एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, तिथला कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला, भाव कोसळले आणि प्रेमचंदही बुडाले. राजाबाई टॉवर मात्र १८७८ साली पुरा झाला.

याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख रुपये दिले होते. तिथे त्या रकमेतून मनोरा उभा राहिला नाही, शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणाऱ्यांमध्ये आशुतोष मुखर्जी होते आणि जदुनाथ सरकारही. औरंगजेब आणि शिवाजी महाराजांवर लिहिणारे जदुनाथ आपल्याला परके नाहीत. मुंबईच्या कापसाच्या पैशावर बंगालात इतिहासकार घडला, हे मला मनोऱ्यापेक्षा मोठे वाटते.

आशुतोष पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या लाखोंच्या देणग्यांतून त्यांनी विज्ञान महाविद्यालय उभे केले. पालितांच्या नावाच्या प्राध्यापकपदावर १९१७ साली सी. व्ही. रामन आले, सरकारी हिशेब खात्यातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून. १९३० साली त्यांना नोबेल मिळाले.

मुंबईतही पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग निघाले. १९३३ साली सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाला, म्हणजे आपल्या यूडीसीटीला, कारखानदारांचा पैसा आणि देणगीदारांच्या नावाची प्राध्यापकपदे मिळत गेली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले तेव्हा यूडीसीटीचे पदवीधर जवळच माटुंग्याला तयार होत होते. आज यूडीसीटी स्वतंत्र विद्यापीठ आहे.

सरकारी अनुदान बंद झालेले नाही, पण त्याचा मोठा भाग पगारात जातो. उपकरणाची दुरुस्ती, रसायने, पीएचडी करणाऱ्याची चौथ्या-पाचव्या वर्षाची सोय यांसाठी हात आखडतो. ठाणे खाडीचेच घ्या. २०२२ साली तिला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. पण गाळात काय साचते आहे ते कळायला ओहोटी गाठून, पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षे नमुने घ्यावे लागतात. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की नोंदींची साखळी तुटते. ती टिकवणाऱ्या पैशाची पाटी कुठे लावणार?

कायद्याने वाट थोडी मोकळी केली आहे. ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, ही २०१३ च्या कायद्यातली तरतूद. २०१९ साली त्या कामांच्या यादीत सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतले संशोधनही आले. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक एवढेच. जदुनाथांचा विषय त्यात बसत नाही. दुसरीकडे, संशोधनासाठी दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात एकेकाळी १७५ टक्के वजावट मिळे, ती २०१७ पासून १५० आणि २०२० पासून १०० टक्क्यांवर आली.

२०२३ साली संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून यायचे आहेत.