चेअरलिफ्ट उलटी चालवण्याची पार्श्वभूमी

चेअरलिफ्ट म्हणजे फिरत्या दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून स्कीअरांना, म्हणजे बर्फावर स्की करणाऱ्यांना, डोंगरावर नेणारे यंत्र. चेअरलिफ्ट उलटी चालवणे आणि चेअरलिफ्ट उलटी सुटणे या दोन गोष्टी पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. दोन्हींत स्कीअर डोंगराकडे तोंड करून बसलेले असतात आणि खुर्च्या पाठमोऱ्या खाली येत असतात. पहिली मात्र ऑपरेटरने ठरवून, मंद गतीने केलेली क्रिया असते, तर दुसरी या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत भीतिदायक अपघातांपैकी एक आहे. उलट्या अपघाती धावेला अटकाव करणारी जी साधने हळूहळू घडत गेली, त्यांतलेच एक बाजूला केल्याशिवाय लिफ्ट मुद्दाम उलटी फिरवता येत नाही, हे या विषयातील अवघड गाठीचे मूळ आहे.

पहिली चेअरलिफ्ट 1936 मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे सुरू झाली. ते स्थळ वसवणाऱ्या युनियन पॅसिफिक रेल्वेतील अभियंता जेम्स करन यांनी पूर्वी जहाजांत केळ्यांचे घड चढवणाऱ्या फिरत्या दोरयंत्रणेवर काम केले होते, आणि आकड्याला घडाऐवजी खुर्ची टांगण्याची कल्पना त्यांना तेथूनच सुचली. माणसाला खुर्चीत अलगद उचलता येईल असा वेग ठरवण्यासाठी ओमाहा येथे ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधून, रोलर स्केट घातलेल्या माणसाला तिच्यात बसवून चाचण्या घेण्यात आल्या. या साऱ्या खटाटोपात विचार होता तो चढण्याचा आणि बसण्याचा. बंदरावरच्या केळ्यांचे ओझे यंत्राला मागे खेचत डोंगर उतरत नाही, स्कीअरांचे ओझे मात्र तेच करू पाहते.

हे ओझे किती असते याचा हिशेब सोपा आहे. चढत्या बाजूला चौघांच्या 75 खुर्च्या भरलेल्या आहेत आणि माणूस साहित्यासह सरासरी 80 किलोचा आहे असे धरले, तर प्रवाशांचेच वजन 24 टन होते. उतरत्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्या चढत्या बाजूच्या खुर्च्यांचे वजन तोलतात, पण प्रवाशांचे वजन तोलायला पलीकडे कोणीच नसते. शंभर मीटर अंतरास पंचवीस मीटर अशी सरासरी चढण असेल, तर हे 24 टन दोराला जवळजवळ सहा टनांच्या जोराने खाली ओढत राहतात. मोटर चालू असेपर्यंत ही ओढ कोणाला जाणवत नाही. मोटर आणि मुख्य चाक, म्हणजे बुलव्हील, यांच्यातला दुवा तुटला की सगळी ओढ मोकळी होते.

म्हणूनच ब्रेक कोठे बसवला आहे याला त्याच्या ताकदीइतकेच महत्त्व आहे. रोजच्या वापराचा सर्व्हिस ब्रेक बहुधा मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या वेगवान शाफ्टवर असतो. तेथे थोड्या जोरात काम भागते, पण गिअरबॉक्स किंवा त्याच्या पुढचा शाफ्ट तुटला तर हा ब्रेक कितीही घट्ट आवळलेला असला तरी निरुपयोगी ठरतो. यासाठी आपत्कालीन ब्रेक थेट बुलव्हीलच्या कडेला पकडतो, आणि त्याशिवाय एक प्रतिगामी अटकाव असतो. घड्याळाला चावी देताना टकटक करणाऱ्या खटक्याचेच हे दांडगे रूप म्हणता येईल: चाक पुढे फिरते, मागे फिरू लागले की अडते. अमेरिकेत अशा हवाई दोरमार्गांची सुरक्षा संहिता, बी 77.1, प्रथम 1960 मध्ये निघाली, आणि कोलोरॅडो राज्याने 1965 मध्ये स्वतंत्र सुरक्षा मंडळ नेमले.

या तिहेरी बंदोबस्ताची परीक्षा 21 मार्च 2015 रोजी मेन राज्यातील शुगरलोफ येथे झाली. किंग पाइन नावाच्या चौआसनी लिफ्टच्या गिअरबॉक्समधला दुवा तुटला, सर्व्हिस ब्रेकचा उपयोग उरला नाही, चाकात पडून ते अडवणारा खटका कामाला आला नाही, आणि खुर्च्या शंभराहून अधिक मीटर मागे धावल्यावर कर्मचाऱ्याने हाताने लावलेल्या आपत्कालीन ब्रेकने त्या थांबल्या. सात जण जखमी झाले. तीन वर्षांनी, 16 मार्च 2018 रोजी, जॉर्जिया या देशातील गुदाउरी येथे वीज गेल्यानंतर भरलेली लिफ्ट वेगाने उलटी सुटली. खालच्या स्थानकात खुर्च्या चाकाभोवती गोफणीसारख्या भिरकावल्या जाऊन एकमेकींवर आदळत होत्या आणि माणसे स्थानक येण्याआधीच उड्या टाकत होती. कोणी दगावले नाही, हे नशीबच. तपासात बोट दाखवले गेले ते कर्मचाऱ्यांच्या चुकीच्या हाताळणीकडे.

इतके असूनही उलटी गती लागतेच. वरच्या स्थानकात काही अडकले आणि लिफ्ट पुढे नेणे शक्य नसले, तर दोरांनी एकेका प्रवाशाला खाली सोडण्यापेक्षा खुर्च्या सावकाश मागे आणणे कधीकधी बरे पडते. अर्थात दोर खांबांवरच्या चाकांवरून घसरलेला असेल, तर दोन्ही दिशा बंद होतात. उलटे नेताना मोटरला ओढावे लागत नाही, ओझे आवरावे लागते. दोन्ही दिशांना ओढू आणि रोखू शकणारी, थायरिस्टरने (विजेचा प्रवाह आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घटकाने) नियंत्रित डीसी, म्हणजे एकदिश विजेवरची, मोटर आल्यावर हे आवरणे बऱ्याच अंशी सुकर झाले. प्रतिगामी अटकाव मात्र त्यासाठी आधी मोकळा करावाच लागतो, आणि त्या काळात उरलेल्या दोन ब्रेकांवर सगळी भिस्त असते. तेव्हा ते दोन्ही तपासलेले असणे, अटकाव उचललेला असताना लिफ्ट नेहमीच्या गतीने चालूच न देणारी विद्युत साखळी असणे आणि काम झाल्यावर अटकाव परत बसल्याची खात्री करणे, यांपैकी एकही गोष्ट सवयीवर सोडण्याजोगी नाही.

माणसांची जागाही बदलते. वर उतरणाऱ्यांच्या उताराकडे एरवी खुर्च्या पाठीमागून येतात, आता त्या समोरून, पाठीचा भाग पुढे करून येतात, म्हणून तो उतार आधी रिकामा करावा लागतो. खाली पोहोचणाऱ्याला मागची जमीन दिसत नाही आणि स्कीची शेपटे बर्फात रुतू शकतात, त्यामुळे प्रत्येक खुर्चीशी लिफ्ट थांबवून माणूस उतरवणे हाच शहाणपणा. कोणी उतरायचा राहिला तर तो थेट चाकाच्या वळणावर जातो.

1981 मध्ये कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे पहिली वेगवान सुटी चौआसनी लिफ्ट आली आणि प्रश्नात आणखी एक पदर वाढला. या प्रकारात स्थानकात शिरताना खुर्चीची पकड दोरावरून सुटते, टायरांच्या रांगा तिला मंद करतात आणि बाहेर पडताना पकड पुन्हा बसते. पकड नीट बसली की नाही हे तपासणारी साधने बाहेर पडण्याच्या बाजूला असतात. उलट दिशेत तीच बाजू आत येण्याची होते आणि खुर्ची दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, म्हणून अशा लिफ्टची उलटी गती बहुधा देखभालीपुरती, रिकाम्या खुर्च्यांनिशी आणि रांगत्या वेगाने वापरली जाते.