पूर आला की ईमेल कुठे थांबतो?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. अशा पुरात एखाद्या फाउंड्रीचा मेल सर्व्हर, म्हणजे ईमेल घेणारा-पाठवणारा संगणक, ऑफिसातच असेल आणि वीज गेली, तर बाहेरून येणाऱ्या ऑर्डरींचं काय होतं?

त्या लगेच हरवत नाहीत. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला ईमेल कसा द्यायचा याचे, नियम लिहिले, त्यांचा गाभा आजही तोच आहे: समोरच्या सर्व्हरकडून २५० हा होकाराचा आकडा येईपर्यंत पाठवणाऱ्याने जबाबदारी सोडायची नाही. उत्तर आलं नाही तर मेल रांगेत ठेवायचा आणि साधारण अर्ध्या तासाने वा त्याहून उशिरा पुन्हा प्रयत्न करायचा. निदान चार-पाच दिवस हे चालू राहावं, असं आजचे नियम सांगतात.

म्हणजे दोन तास वीज गेली म्हणून बॅकअप सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेऊन ठेवणारा दुसरा सर्व्हर, उभारायची काहीच गरज नाही. पूर मात्र पाच दिवसांत ओसरेलच असं नाही. शिवाय ती रांग परक्याच्या सर्व्हरवर असते. त्यात आपले किती मेल अडकलेत हे कळत नाही.

बॅकअपमुळे रांग आपल्या ताब्यात येते. आपल्या डोमेनच्या (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत, दोन एमएक्स नोंदी करायच्या; मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे त्या सांगतात. मुख्य सर्व्हरला १० हा आकडा द्यायचा, बॅकअपला २०. लहान आकड्याला मान आधी. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बॅकअपवर आपलं डोमेन रिलेसाठी (मेल घेऊन पुढे मुख्य सर्व्हरकडे धाडण्यासाठी) नोंदवायचं आणि रांगेची मूळची पाच दिवसांची मुदत वाढवायची. हा सर्व्हर पुण्या-मुंबईत भाड्याने घ्यावा. त्याच इमारतीत ठेवला तर तोही बुडेल.

खरी मेख पुढे आहे. स्पॅम पाठवणारे मुद्दाम बॅकअपच गाठतात, कारण तिथली तपासणी बहुधा ढिली असते. खऱ्या पत्त्यांची यादी जवळ नसेल तर बॅकअप वाट्टेल त्या नावाचा मेल स्वीकारतो. मुख्य सर्व्हर तो नाकारतो, आणि बॅकअपकडून ‘मेल पोचला नाही’ असा परतीचा मेल जातो, स्पॅमवाल्याने पाठवणारा म्हणून ज्याचा पत्ता चोरून वापरला त्या निरपराध माणसाला. असं वारंवार झालं की आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो, म्हणजे इतर सर्व्हर त्याचे मेल नाकारू लागतात. म्हणून पत्त्यांची यादी आणि स्पॅमचे नियम दोन्हीकडे सारखेच हवेत, तेही आपोआप ताजे होणारे. मुख्य सर्व्हरला बॅकअपचा आयपी पत्ता ओळखीचा करून द्यायलाही विसरू नये, नाहीतर एसपीएफच्या तपासणीत (पाठवणाऱ्या डोमेनने त्या सर्व्हरला परवानगी दिली आहे का, हे बघण्यात) बॅकअपकडून आलेले चांगले मेलही अडकतात.

हे सगळं मे महिन्यातच तपासावं. सुट्टीच्या दिवशी मुख्य सर्व्हर तासभर बंद ठेवा, बाहेरच्या खात्यावरून मेल पाठवा, बॅकअपची रांग उघडून पाहा. एक मेल अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरही पाठवा. तो बॅकअपने दारातच नाकारला पाहिजे.