बसल्या जागेवरून 42 मीटर

2 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये हरयाणाच्या योगेश कथुनियाने थाळी 42.22 मीटरवर टाकली आणि टोकियोपाठोपाठ पुन्हा रौप्यपदक जिंकलं. तेही खुर्चीत बसून. त्या फेकीमागचं विज्ञान पदकाइतकंच कौतुकाचं आहे.

उभा थाळीफेकपटू अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात दीड गिरकी घेतो. पायांनी जमिनीला दिलेला रेटा कंबर, खांदा, दंड अशी वाट काढत बोटांशी पोहोचतो. गिरकीमुळे थाळीला वेग घ्यायला लांब मार्ग मिळतो, आणि इथे सगळा खेळ वेगाचाच: हातातून सुटताना वेग 10 टक्क्यांनी वाढला, तर अंतर साधारण 21 टक्क्यांनी वाढतं.

योगेशला नवव्या वर्षी गियाँ-बारे सिंड्रोम झाला. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय दुबळे झाले, म्हणजे गिरकीही गेली. आता त्याच्याकडे उरतो धडाचा पीळ आणि एक हात. हवेचा परिणाम सोडून ढोबळ हिशेब केला, तर 42 मीटरसाठी 1 किलोची थाळी सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाने सुटायला हवी. बसल्या जागेवरून हा वेग काढणं अचाट आहे!

थाळी पुढे ढकलली की शरीर मागे आणि उलट दिशेला फिरू पाहतं. न्यूटनचा तिसरा नियम खेळाडूलाही सोडत नाही. म्हणून खुर्ची जमिनीशी पक्की आवळतात आणि खेळाडूला न ताणणाऱ्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधतात. गादीसकट बैठक 75 सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही, फेकताना बूड उचललं तर फेक बाद. खुर्चीला एक ताठ दांडा लावता येतो. मोकळ्या हाताने तो धरला की पायांचं काम काही अंशी तो हात करतो. दांड्याला स्प्रिंगसारखी उसळी मात्र असता कामा नये.

सुटताना थाळी बोटावरून घरंगळते. तिथे तिला मिळालेल्या फिरकीमुळेच ती हवेत न डगमगता तरंगत जाते. बोटांची पकड गेलेल्या खेळाडूला हे फार कठीण. पॅरालिम्पिकमध्ये शरीराच्या क्षमतेनुसार खेळाडूंचे गट पाडतात. योगेशच्या एफ56 गटात टोकियोचं सुवर्ण 45.59 मीटरला मिळालं. बोटं आणि धडही दुबळं असलेल्या एफ52 गटात, तेवढ्याच वजनाच्या थाळीने, 20.02 मीटरला. दोन्ही फेका एकाच तक्त्यात मोजणं अन्यायाचं ठरेल, म्हणून गट वेगळे.